आधी रेघ, मग अक्षरं

पहाटे सव्वापाच

इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. दूध गॅसवर ठेवलं की ते वर येईपर्यंत हे दोनदा म्हणून होतं. भिंतीपलीकडच्या वहिनी याच वेळेला विष्णुसहस्रनाम म्हणतात, त्यामुळे जिन्यावरून जाणाऱ्याला आमचा मजला भलताच पुण्यवान वाटत असणार. मी मात्र एक ते दहा मोजत असते. पेशवाईतल्या कागदावर साल पुष्कळदा असं अरबी शब्दांत असतं, आणि तेही उलट्या बाजूनं: आधी एकं, मग दहं, मग शतक, शेवटी हजार.

ओट्यावर कालची झेरॉक्स आहे. 'अर्बा सबैन मया व अलफ'. चार, सत्तर, शंभर, हजार, अकराशे चौऱ्याहत्तर. हे शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७७३. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून कागद जानेवारी ते मेमधला निघाला तर ६०० मिळवायचे. १७७३ म्हणजे शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला ते साल. माझ्या झेरॉक्समध्ये त्याचं नावनिशाण नाही. कुठल्याशा पाटलानं सरकारात गवताच्या किती पेंढ्या पाठवायच्या, एवढंच त्यात आहे. मला हे फार आवडतं. पेशवा मारला गेला तरी गवत वेळेवर पोचायला हवं.

सत्तरवर अडखळले आणि दूध उतू गेलं.

सात

साताऱ्यात राहून चार भिंतीपर्यंत चालायला जात नाही असं सांगितलं तर लोक डॉक्टरचं नाव विचारतात. म्हणून जाते. नोव्हेंबर आहे, खाली गाव धुक्यात असतं, अजिंक्यताऱ्यावर ऊन आलेलं असतं. वर बायकांचा घोळका भेटतो. त्यातल्या एकजणी दर आठवड्याला एकच प्रश्न विचारतात: "काय मग, वेळ जातो ना छान?"

या प्रश्नाचं काय करावं मला कळत नाही. नोकरीत होते तेव्हा कुणी विचारलं नाही, आठ तास जातात ना छान म्हणून. साठी उलटली की माणसाचं काम म्हणजे वेळेला घातलेला खाऊ समजतात. मी हसते आणि गुडघ्यांचा विषय काढते.

नऊ

'हे' डबा घेऊन बाहेर पडतात. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि आता आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात केसपेपरच्या रांगेपाशी उभे असतात. खेड्यातून आलेल्या माणसाला कुठल्या खिडकीला जायचं, रक्त कुठं द्यायचं, रिपोर्ट कधी मिळणार, हे सांगायचं. पगार नाही, बिल्ला नाही, शिट्टीसुद्धा नाही, तरी शाळेतल्यापेक्षा इथं मुलं जास्त ऐकतात म्हणतात.

माझं वेगळं आहे. अडतीस वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली निम्मी टपाल छाटण्यात. पिनकोड १९७२ पासून आहे, पण तो लिहायचा असतो हे पुष्कळांपर्यंत अजून पोचायचंय. 'मु. पो.'च्या पुढे मुंगीनं शाईत पाय बुडवून चालावं तशी अक्षरं, आणि त्यातून गाव काढायचं. चोपन्नाव्या वर्षी, २०१७ साली, नगरवाचनालयाच्या फलकावर मोडीच्या दहा दिवसांच्या वर्गाची चिठ्ठी दिसली. ती वाचून मला एवढंच वाटलं, की अडाणी अक्षर आपल्याला येतंच, आता शहाणं वाईट अक्षर शिकू.

हेतू बितू काही नव्हता. माझ्या आजोबांच्या शाळेत मोडीचा तास असायचा. १९५० च्या आसपास तो शाळांतून गेला, आणि घरोघरच्या ट्रंकांतले कागद एका पिढीत मुके झाले. माझ्या वडिलांना त्यांच्या वडिलांचं पत्र वाचता येत नव्हतं. दहा दिवसांत मुळाक्षरं झाली, पण खरं वाचायला यायला तीन वर्षं गेली. सगळ्यात जास्त दमवलं 'र'नं. देवनागरीत बिचारा एका कोपऱ्यात उभा असतो; मोडीत तो शेजारी बघून रूप बदलतो. मग पुराभिलेख खात्याचा अभ्यासक्रम केला. परीक्षेला बसले तेव्हा पर्यवेक्षक मुलगी मला पालक समजून बाहेर बसायला सांगत होती.

जुलै २०२३ मध्ये निवृत्तीचा नारळ घेतला. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एकच हाकाटी सुरू झाली: मोडी वाचणारं कुणी आहे का? तरुण फारसं कुणी नव्हतंच. होते ते आमच्यासारखे. निवृत्त मास्तर, बँकेतले, एक दंतवैद्य, आणि मी. जे आपण हौसेनं, दिवेलागणीनंतर, नातवंडांच्या वहीच्या उरलेल्या पानांवर शिकलो ते सरकारला एकाएकी हवं झालं.

सव्वादहा

बेल वाजते. पन्नाशीचे एक गृहस्थ, पांढरा शर्ट, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत टॉवेल, टॉवेलात प्लास्टिक, प्लास्टिकात कागद. मला बघून आधी म्हणतात, "मॅडम आहेत का?" मग, "अच्छा, तुम्हीच का. बरं बरं, ताई."

वाटणीपत्र आहे. शके १८२९, प्लवंग नाम संवत्सर, म्हणजे १९०७. दोन भाऊ, एक वाडा, चार शेतं, एक विहीर. यांचे खापरपणजोबा थोरले. धाकट्याच्या घराशी यांचं बारा वर्षं बोलणं नाही. विहीर केव्हाच बुजली, पण तिची जागा आता मोठ्या रस्त्याला लागून आलीय.

कागद टेबलावर पसरते, चारी कोपऱ्यांना वजनं ठेवते (नाण्यांच्या चार पुरचुंड्या शिवल्यात, काचेचे पेपरवेट घरंगळतात), भिंग काढते. मागच्या वर्षी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तेव्हापासून उजव्यानं कागद पिवळा दिसतो आणि डाव्यानं पांढरा. शाई कुठली, डाग कुठला, हे ठरवायला दोन्हींचा उपयोग होतो. उजव्याचं ऑपरेशन म्हणून लांबवलंय. डॉक्टरांना हे कारण सांगितलेलं नाही.

अक्षर देखणं आहे. लिहिणारा सराईत होता, बोरू क्वचित उचललाय. सगळं सुरळीत चालतं ते विहिरीपर्यंत. तिथं कसर लागलीय. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. ओळ म्हणजे ओवलेली माळ. आणि ऱ्हस्व-दीर्घ इकाराला एकच रूप. माझ्यासमोर जे आहे ते असं:

विहिरीचेमोटेचीपाळीथोरल्या—चा—धाकट्यासतीनदेणे

दोन ठिकाणी भोक. मी तीनदा वाचते. ते गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघतायत, जसं लोक सोनोग्राफी करणाऱ्या बाईकडे बघतात.

"आमच्याकडे पूर्वीपासून सांगतात," ते म्हणतात, "की विहीर थोरल्यानंच चालवायची, धाकट्याला द्यायची नाही. असंच आहे ना?"

तसं असू शकतं. 'थोरल्याने चालवणे, धाकट्यास ती न देणे.' भोकांत बसतं. आणि 'धाकट्यास तीन देणे' हेही बसतं. एका जागेच्या सुईवर अख्खी जमीन तोललेली: ती न की तीन? तीन काय? मी त्यांना सांगते की आज सांगणार नाही. फोटो काढून घेते, मूळ कागद त्यांच्यासमोर पुन्हा प्लास्टिकात, टॉवेलात, पिशवीत. मूळ कागद मी कधीच ठेवून घेत नाही. घरात माणसं असतात, चहा असतो, पंखा असतो.

जाताना ते खिशात हात घालतात. "काम झालं की," मी म्हणते.

पैशांचं इथंच सांगून टाकते. पानाला दोनशे रुपये घेते. सुरुवातीला घेत नव्हते, आणि त्याचा अनुभव वाईट आला. फुकट म्हटल्यावर लोक रात्री साडेदहाला कागदाचा तिरका फोटो पाठवायचे, त्यावर अंगठ्याची सावली, आणि खाली 'मॅडम अर्जंट'. एकदा चाळीस पानं वाचून दिली; ती सगळी एका वाण्याची उधारीची वही निघाली आणि पाठवणाऱ्यानं साधं 'बरं' म्हटलं नाही. बाई, त्यात निवृत्त, म्हणजे हिच्या वेळेला भाव नसणार, असा हिशेब असतो. दोनशे सांगितल्यापासून फोटो सरळ यायला लागले.

बारा

एका तालुक्याच्या कचेरीतली रेकॉर्ड रूम. आज दोन अर्ज आहेत, दोन्ही गाव नमुना १४ चे. म्हणजे जन्ममृत्यूची वही, जुनी माणसं तिला कोतवाल बुक म्हणतात. मास्क, हातमोजे, अंगावर जुना सुती ॲप्रन. रुमाल सोडायचा, म्हणजे दप्तर बांधलेलं फडकं. गाठ कधी तरी १९६० च्या सुमाराला कुणी तरी मारलेली असते आणि ती मारणाऱ्याचा स्वभाव गाठीवरून कळतो. आजची गाठ संशयी माणसाची आहे.

सोबत अर्जदार मुलगा. पंचविशीचा, प्रवेशाची मुदत जवळ आलेली, पणजोबांचं नाव आणि गाव एवढंच माहीत. जातीच्या रकान्यात काय आहे ते त्याला हवंय, लवकर हवंय, आणि 'कु'च हवंय. हे मी नेहमी पाहते. गेल्या वर्षी एकांनी कंदी पेढ्यांचा पुडा पुढं सरकवून विचारलं होतं, की हा 'म' नीट बघितला तर 'कु' नाही का वाटत? पुडा परत केला. पेढे चांगल्या दुकानातले होते, हेही सांगते. नोंद आहे तशी वाचायची. नसेल तर नाही म्हणायचं, आणि समोरच्याचा चेहरा पडताना बघायचा. पत्रं वाटणाऱ्या खात्यात अडतीस वर्षं काढल्यावर वाईट बातमी आपली नसते एवढं कळतं.

पानं उलटताना अचानक शाई बदलते. १९१८, ऑक्टोबर. आधीच्या महिन्यांत गावात दोन मृत्यू, तीन मृत्यू. इथं पान भरतं, पुढचं भरतं. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, आणि खाली कोतवालाला 'ताप' लिहायचाही कंटाळा आलेला, त्यानं नुसती उभी रेघ खाली ओढलीय. इन्फ्लुएंझाची साथ. आमच्या भागात तिला मानमोडी म्हणायचे. रेघ थांबते तिथून अक्षर दुसरं आहे. वहीत कारण लिहिलेलं नाही, आणि मी ते लिहिणार नाही. पण कोतवाल बदलला.

"सापडलं का, मावशी?" मुलगा विचारतो.

"थांब," मी म्हणते. तो थांबतो. आम्ही दोघं ती रेघ बघतो. मग पणजोबा सापडतात, १९२१ मध्ये, मुलगी झाली म्हणून. जातीच्या रकान्यात काय आहे ते त्याला वाचून दाखवते, तो कपाळाला हात लावतो. आनंदानं की कसा, ते सांगायचं काम माझं नाही.

अडीच

जेवण. डोळ्यांत थेंब. वीस मिनिटं डोळे मिटून पडणं. फोनवर पेन्शनचा निरोप: हयातीचा दाखला मिळाला. परवाच मोबाइलसमोर डोळे मिचकावून मी जिवंत आहे असं दाखवलं होतं. सकाळी मेलेल्यांच्या वह्या, दुपारी जिवंत असल्याची पावती. नोव्हेंबर हा एकंदर हिशेबाचा महिना.

पुण्याहून भाचा फोन करतो. मावशी, आता मशीनच मोडी वाचणार, तुझा धंदा बसला. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली तेव्हापासून हे ऐकतेय. वाचू दे बाबा. कोट्यवधी कागद पडलेत नुसत्या पुण्याच्या पेशवे दप्तरात. माझ्या एका आयुष्यात काय होणार त्यातलं? मी त्याला सकाळची ओळ पाठवते आणि म्हणते, मशीनला विचार.

साडेपाच

हा तास फुकट. इथं पैसे घेत नाही आणि त्याबद्दल कुणाशी वाद घालत नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दर गुरुवारी, अकरा जण. सगळ्यात लहान एकोणीस वर्षांची, इतिहास शिकणारी. सगळ्यात मोठे अठ्ठ्याहत्तर. त्यांचा हात थरथरतो, पण मोडीत थोडी थरथर शोभून दिसते. कोरेगावहून दोघी येतात, एक निवृत्त परिचारिका आणि एक शिंपीकाम करणारी. २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. त्या म्हणतात, पूर्ण तिकीट असतं तर घरातून निघतानाच कुणी तरी विचारलं असतं, मोडी शिकून काय करणार?

नव्या माणसाला पहिल्या दिवशी अक्षर शिकवत नाही. रेघ मारायला लावते. देवनागरीत आपण शब्द लिहितो आणि वर रेघ ओढतो. मोडीत आधी पानभर रेघा मारून घ्यायच्या, मग अक्षरं त्यांना टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. मोठ्या माणसांना याचा राग येतो. बँकेत व्यवस्थापक होते, घरात पाच जण त्यांना विचारून पंखा लावतात, आणि इथं तासभर रेघा. पण पन्नाशीनंतर शिकणाऱ्याची अडचण डोकं नसतेच, हात असतो. हाताला चाळीस वर्षांच्या सहीची सवय लागलेली असते. रेघ मारता मारता ती सैल होते. परिचारिकाबाईंचं मात्र उलटं. इतकी वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचल्यामुळं त्या पहिल्याच महिन्यात माझ्या पुढं निघाल्या.

आज मी नावगाव वगळून सकाळची ओळ फळ्यावर लिहिली. भोकांच्या जागी चौकोन. कॉलेजातली मुलगी ताडकन म्हणाली, "ती न देणे." परिचारिकाबाई म्हणाल्या, "तीन." वर्गाचे दोन तट पडले. 'चा'च्या पुढं काय, यावर शिंपीणबाईंनी 'चालवणे' सुचवलं, म्हणजे त्या माझ्याच वाटेनं गेल्या.

भाऊसाहेब उशिरा आले. तलाठी होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण सगळे अजून भाऊसाहेबच म्हणतात. पहिल्या दिवशी वर्गात उभं राहून म्हणाले होते, "तीस वर्षं दप्तरात मोडी वह्या जपल्या, पावसात गळतीखालून उचलल्या, आणि एक अक्षर वाचता येत नव्हतं. ते बघायला आलोय." अक्षरं त्यांची अजून लंगडतात.

त्यांनी चष्मा लावला, फळा बघितला, एकेक अक्षर बोटानं चाचपत वाचला. आणि मग मान हलवली.

"वाटणीत द्यायचं तेवढं लिहितात, मॅडम. द्यायचं नाही ते कशाला लिहितील? आणि लिहिलं असतं तर 'देऊ नये' लिहिलं असतं." जरा थांबून, "पाळी मोटेची ना? मग वार किती?"

सात.

"थोरल्यास चार," परिचारिकाबाई हळूच म्हणाल्या, "धाकट्यास तीन."

भोकात 'स', मग 'चा', पुढच्या भोकात 'र'. माझा जुना वैरी. फळ्यावर खडूनं तो भरताना मला कानकोंडं झालं. सकाळी पाऊण तास मी भिंगातून अक्षरं बघत बसले होते, आणि मोट कशी चालते हे एकदाही मनात आलं नाही. लहानपणी मामाच्या गावी पाळीवरून रात्री कंदील घेऊन भांडायला निघालेली माणसं मी पाहिलीत. भाऊसाहेब बसले आणि पुन्हा रेघा मारायला लागले, त्यांच्या रेघा अजून उजवीकडे उतरतात.

साडेआठ

पोळ्या झाल्यावर लिप्यंतर लिहायला घेतलं. 'थोरल्या[स] चा[र] धाकट्यास तीन देणे.' कंसातली अक्षरं कागदावर कसरीनं खाल्लेली असून संदर्भावरून भरली आहेत, अशी टीप. भाच्याचा निरोप आलेला होता: मशीन म्हणतं 'तिन देने'. चला, ऱ्हस्व-दीर्घाचं त्यालाही वावडं.

मग त्या गृहस्थांना फोन लावला. वाचून दाखवलं. पलीकडं काही ऐकू येईना.

"म्हणजे आमचे चार वार?"

"चार तुमचे, तीन त्यांचे. कंसातली अक्षरं मी भरलेली आहेत, ते खाली लिहिलंय. उद्या घेऊन जा."

"शुक्रवारी विहिरीवर जायचं नाही, असं आजी सांगायची," ते म्हणाले. "लहानपणी. आम्ही समजायचो देवीचा वार म्हणून."

"आणि शनिवारी? रविवारी?"

ते आठवत राहिले. मागं कुणी तरी टीव्ही बंद केला.

"थांबा," ते म्हणाले, "चुलत्यांना विचारून सांगतो."